कोणाक फट दिसता?

“कोणाक फट दिसता?”

आपांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा शाळेच्या सभागृहात आम्ही चौघंच होतो. प्लायवूडच्या टाकीच्या सांध्यांवरून अंगठा फिरवत उकिडवे बसलेले माझे वडील, त्यांना आम्ही आपा म्हणायचो. पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून उभा असलेला बुधाजी शिपाई. सारखं मनगटाकडे बघणारे मुख्याध्यापक तोरसकर सर. आणि मी, त्याच शाळेत विज्ञान शिकवणारी. सकाळचे साडेनऊ झाले होते. अकरा वाजता संस्थेचे अध्यक्ष येऊन मत्स्यालयाचं उद्घाटन करणार होते आणि मत्स्यालय अजून कोरडं ठणठणीत होतं.

“मेस्त, फटीबिटी राहू देत आता. पाणी भरा,” सर म्हणाले.

“इचारल्याबिगर पाणी नाय, सर.”

आपा होड्या बांधायचे, म्हणून गाव त्यांना मेस्त म्हणायचं. आमच्या आडबंदर गावाच्या किनाऱ्यावरून चाळीस वर्षांत त्यांच्या हातच्या सत्तरेक होड्या पाण्यात गेल्या. होडी लोटण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत आणि तिथे जो कोणी उभा असेल त्याला, मग तो तांडेल असो, मासे विकणारी म्हातारी असो की शेंबडं पोर असो, हा एकच प्रश्न विचारत. त्यांचं म्हणणं असं, की बांधणाऱ्याला आपली फट दिसत नाही, त्याचे डोळे लाकडाला सरावलेले असतात. म्हणून दुसऱ्याला विचारायचं, आणि ज्याला विचारलं त्यानं नीट बघून खरं ते सांगायचं. मी सात वर्षांची असताना एका होडीच्या बुडाशी बोट लावून “हयसर” म्हटलं होतं. फट खरंच होती. त्या दिवशीची भरती हुकली, होडीचा मालक चरफडला आणि आपांनी मला खांद्यावर बसवून घरी नेलं. तेव्हापासून शेवटचा प्रश्न मला विचारायचा, अशी रीतच पडली.

बुधाजीनं टाकीभोवती प्रामाणिकपणे फेरी मारली आणि मान हलवली. सरांनी जागेवरूनच “नाही हो, नाही” म्हणून टाकलं. मग आपा माझ्याकडे वळले.

“रतन, तुका गो?”

“नाय, आपा,” मी म्हटलं. “माका दिसणा नाय.”

फट नव्हतीच. त्या अर्थानं मी खोटं बोलले नव्हते, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण टाकीची काच उलट्या बाजूनं बसवली आहे हे मला चार दिवसांपासून माहीत होतं.

त्याआधीची सात वर्षं आपांच्या हाताला काम नव्हतं. फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडी होडी कोणाला नको झाली. आपांनी हत्यारांना तेल लावून ती गोणपाटात गुंडाळली आणि ते पडवीत बसून राहू लागले. बोलणं कमी झालं, जेवण त्याहून कमी. “घरात मेस्त नाय, मेस्ताचो फोटो आसा,” असं आई म्हणायची आणि मग स्वतःच डोळे पुसायची. त्यामुळे गावच्या पऱ्ह्यातले, म्हणजे ओढ्यातले, मासे मुलांना बघता यावेत म्हणून शाळेत मोठं मत्स्यालय हवं, असं तोरसकर सर म्हणाले तेव्हा मी पटकन बोलून गेले, “प्लायवूडचं करता येतं, सर. आमचे आपा करतील.”

त्याच संध्याकाळी मी घरी सांगितलं. आपांनी ऐकून घेतलं आणि उठून गोणपाट सोडलं.

तळ, पाठ आणि दोन्ही बाजू जाड प्लायच्या, आतून फायबरची चटई चिकटवून वर रेझिनचे तीन हात, आणि समोर फक्त काच. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. फायबरचा आपांना राग. “दुश्मानाचो माल,” म्हणत ते ब्रश बुडवायचे, पण शिकून घेतलं त्यांनी तेही. होडीला असतं तसं तळाशी एक लाकडी बूचसुद्धा ठेवलं. तीन आठवडे आमच्या अंगणात रंध्याचा आवाज येत होता आणि आई दोन वेळा वाढताना विचारत होती, “आणखी भात घालू?” आणि आपा “घाल” म्हणत होते.

टाकी शाळेत आणून उंच टेबलावर ठेवली आणि काच तिथेच बसवली. मी तास संपवून गेले तेव्हा आपा चौकटीच्या बाहेरच्या अंगानं सिलिकॉन भरून काच आत दाबत होते. मग तिच्यावर लाकडी पट्ट्या ठेवून पितळेचे स्क्रू पिळायला लागले.

“काच भायरसून?” मी विचारलं.

“मगे? लाँचीच्या केबिनेक अशीच लावतत. लाट भायरसून मारता ना? जितकी मारात, तितकी काच चौकटीक घट्ट बसात.” त्यांनी स्क्रूवर शेवटचा पीळ दिला. “ही काय आजची अक्कल न्हय, बाय.”

आणि ते भजन गुणगुणायला लागले. सात वर्षांत मी त्यांचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

मी आठवीला पाण्याचा दाब शिकवत होते. स्टाफरूममध्ये हजेरीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. टाकी काठोकाठ भरली तर काचेवर तीनशे किलोच्या वर भार येत होता, आणि तो सगळा आतून बाहेर. काच आतून लावली असती तर त्याच भारानं ती चौकटीवर दाबून बसली असती. आता तिला अडवायला बोटभर रुंदीची लाकडी पट्टी आणि सोळा स्क्रू होते, बस. सत्तर होड्या बांधताना ज्या माणसानं पाणी बाहेर ठेवलं, त्याच्या डोक्यात पाणी आत असू शकतं हे शिरलंच नव्हतं.

सांगायला चार दिवस होते. पहिल्या दिवशी ते भजन म्हणत होते म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांधे तपासायला वीतभर पाणी भरून बघितलं, एक थेंब गळला नाही, तेव्हा मला वाटलं धरेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईकडून कोरा सदरा इस्त्री करून घेतला. चौथ्या दिवशी सांगायचं म्हणून मी पडवीत जाऊन बसले आणि उठून आले. पुन्हा ते गोणपाट बांधतील आणि या वेळी सोडणार नाहीत, याची मला भीती वाटत होती. शाळेत चाळीस पोरांना बोलतं करणारी मी, घरात मूग गिळून बसले.

“सोड रे पाणी,” माझं ‘नाय’ ऐकून आपा बुधाजीला म्हणाले.

पाइपातून पाणी पडायला लागलं. वीतभर झालं, मग फूटभर. मी काचेसमोर उभी होते. माझ्या मागच्या खिडकीचे गज काचेत उमटून दिसत होते, सरळ, एकाशेजारी एक. ते सरळ आहेत तोवर काच सरळ आहे, असा मी हिशेब धरला आणि त्या गजांवरून नजर काढली नाही.

साडेदहाला पाचवीचा वर्ग आला. स्वागतगीत त्यांचं होतं. मी मुलांना भिंतीकडे, टाकीपासून लांब बसवलं.

“अहो मेस्त्रीबाई, इतक्या लांब कशाला?” तोरसकर सरांनी टाळी वाजवली. “पुढे या रे सगळे. फोटोत मासे नि मुलं एकत्र यायला हवीत.”

“सर, मुलं गोंधळ करतील. लांबच बरी.”

“काचेला हात लावायचा नाही, कळलं का?” असं मुलांनाच बजावून सरांनी त्यांना टाकीसमोर आणलं. चाळीस मुलं मांडी घालून बसली. पहिल्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीचं डोकं टेबलापासून हातभर अंतरावर होतं. तिच्या मांडीवर कळशी होती आणि कळशीत पऱ्ह्यातले मासे.

“बुधाजी, पाणी जरा कमी कर,” मी म्हटलं.

“कमी कशाला? पावणेअकरा झाले!” सर म्हणाले.

आपा बाजूला उभे होते, कोऱ्या सदऱ्यात, हात पाठीमागे बांधून. होडी पाण्यात उतरताना ते असेच उभे राहायचे. माझ्याकडे बघून ते किंचित हसले. मी नजर वळवून पुन्हा गजांकडे बघायला लागले.

पाणी दीड फुटावर आलं आणि टक् असा आवाज झाला.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“लाकूड पाणी पिता, सर. आवाज करूचाच,” आपा शांतपणे म्हणाले.

ते लाकूड नव्हतं. खालच्या पट्टीचा मधला स्क्रू पाव इंच बाहेर आला होता. मी काचेकडे बघितलं. खिडकीचे मधले दोन गज वाकले होते. पट्टीखालचं सिलिकॉन ताणून पांढरं पडलं होतं आणि तिथून पाण्याची एक बारीक रेघ टेबलाच्या कडेला आली होती. दोन वेण्यांची मुलगी ती रेघ बोटानं पुसत होती.

“आपा!” माझा आवाज सभागृहभर गेला. “काच भायरसून लायली हा! पाणी भुतूर आसा! काच भायर येता!”

आपांनी काचेकडे बघितलं. एकदाच. त्यांना समजायला एक क्षण लागला असेल नसेल, पण त्या क्षणात त्यांचा चेहरा मी बघितला आणि तो मला आजही आठवायला नको वाटतो. मग ते दोन ढांगांत मुलांच्या आणि टाकीच्या मध्ये आले, वळले आणि त्यांनी पाठ काचेला लावली. दोन्ही हात पसरून पट्ट्यांवर दाबले, टाचा फरशीत रोवल्या.

“सर, पोरांका भायर काढा. सावकाश. धावू नकात रे, सावकाश जावा.” आवाज असा, की जणू प्रसाद घ्यायला रांगेत उभं करताहेत. “बुधाजी, नळ बंद कर. रतन, बूच काढ.”

बूच आतून ठोकलेलं होतं, पाठीमागच्या कोपऱ्यात तळाशी. मी स्टुलावर चढले आणि पदरासकट हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. लाकूड फुगलं होतं. बोटं घसरत होती.

“निघणा नाय, आपा!”

“वडू नको. पिळ. आधी डावीकडे, मगे वर.”

“पिळतंय! निघणा नाय!”

पुन्हा टक् झालं. दुसरा स्क्रू फरशीवर पडून घरंगळत गेला. आपांच्या सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती.

“पोरां गेली?” त्यांना मान वळवता येत नव्हती.

शेवटची दोन वेण्यांची मुलगी कळशी सांभाळत, एक एक पाऊल टाकत दाराकडे चालली होती. सावकाश जायला सांगितलं होतं ना!

“जातत,” मी म्हटलं आणि नख तुटेस्तोवर बूच पिळलं. ते हललं. मग एकदम हातात आलं आणि टाकीच्या मागून पाण्याची धार फरशीवर कोसळली.

टाकी रिकामी व्हायला पंधरा मिनिटं लागली. तितका वेळ आपा तसेच उभे होते. मी आणि बुधाजीनं त्यांच्या दोन बाजूंना तळहात लावून काच धरली. त्या पंधरा मिनिटांत संस्थेचे अध्यक्ष आले. दारापर्यंत पाणीच पाणी, बाहेर चाळीस मुलं, आत एक म्हातारा टाकीला पाठ लावून सुळावर दिल्यासारखा उभा.

“हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

तोरसकर सर सारवासारव करायला पुढे झाले, “काही नाही, साहेब, जरा तांत्रिक...”

“चूक माझी आसा, साहेब,” आपा म्हणाले. “काच भायरसून लायलंय. जलमभर पाणी भायर ठेवलंय, हयसर ता भुतूर आसा ह्या माझ्या ध्यानात इला नाय. आठ दिवस द्या. परत करून देतंय.”

एवढंच. जे ऐकून ते कोसळतील म्हणून मी चार दिवस जीव मुठीत धरला होता, ते त्यांनी सगळ्यांदेखत चार वाक्यांत सांगून टाकलं आणि कोसळले नाहीत. अध्यक्षांनी चपला हातात घेतल्या आणि म्हणाले, “आठ दिवसांनी येतो.”

सगळे गेल्यावर आपा पायरीवर बसले. मी त्यांच्या पाठीला तेल चोळत होते. पाठीवर पट्टीचा आडवा वळ उठला होता.

“तू लगेच ओळखलंस,” ते म्हणाले. “टक् झाला आणि तू म्हणालंस, काच भायरसून लायली हा.”

मी त्या वळावर तेल चोळत राहिले.

“तुका आधीच म्हायत होता.”

“होय.”

“कदीपासून?”

“तुमी लायलात तेवापासून.”

त्यांनी माझा हात बाजूला केला. सदरा अंगात घातला, ओला होता तसाच.

“मगे बोलाक नाय कित्याक?”

“तुमका वायट वाटात म्हणान. सात वर्सांनी तुमी...”

“माका वायट वाटात,” ते हळूच म्हणाले, जणू त्या शब्दांना चव आहे का ते बघत होते. “आणि पोरां बसली होती थय.”

“आपा, चुकलंय मी.”

“काच उलटी लायली, ती माझी चूक. मी इचारलंय तेवा तू नाय म्हणालंस, ती माझी न्हय.”

ते उठून घरी चालत गेले. वाटेत मी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी उत्तरं दिली, म्हणजे होय, नाय, बग आता, अशी. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठ दिवसांत त्यांनी काच काढली, चौकट घासली, आतून नवं सिलिकॉन भरून काच आतून बसवली. पुन्हा मुलं आली, पुन्हा कळशी आली. आपा टाकीभोवती फिरले. “कोणाक फट दिसता?” बुधाजीला विचारलं. सरांना विचारलं, आणि या वेळी सर गुडघ्यांवर बसून बघत होते. दोन वेण्यांच्या मुलीला विचारलं. तिनं एका कोपऱ्यात बोट दाखवलं. ती सावली होती, पण आपांनी बॅटरी मागवून तो कोपरा तपासला आणि तिला म्हणाले, “शाबास.”

मी शेवटी उभी होते. ते माझ्यापाशी आले, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

“सोड रे पाणी,” त्यांनी बुधाजीला सांगितलं.

ती टाकी एक थेंबही गळली नाही. मी त्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हाही तिच्यात मासे होते. गोणपाट पुन्हा बांधलं गेलं नाही. टाकीचं ऐकून दोन शाळांनी आपांना बोलावलं, मग कोणी जुन्या होड्या दुरुस्तीला आणायला लागलं. प्रत्येक कामाच्या शेवटी ते विचारत. आईला विचारत, वाटेवरच्या माणसाला विचारत. मला नाही. मीही कधी आपणहून पुढे झाले नाही. कोणत्या तोंडानं होणार?

अशी आठ वर्षं गेली. मग दुमिंगची लाकडी होडी आली. दुमिंग म्हणजे गावातला शेवटचा मासेमार, ज्यानं फायबर घेतलं नव्हतं. आपांनी तिच्या बुडाच्या पाच फळ्या बदलल्या, डांबर लावलं. लोटायच्या सकाळी मी त्यांना न्याहारी घेऊन किनाऱ्यावर गेले. भरती चढत होती. दहाजण होडीला हात लावून तयार होते. आपांनी फेरी मारली, एकेकाला विचारलं, आणि मी डबा ठेवून परत निघाले.

“रतन.”

मी वळले.

“तुका गो?”

मी चपला काढल्या आणि वाळूत गुडघे टेकले. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. एकेक सांधा बोटानं चाचपत, वाकून, होडीखाली डोकं घालून. दहाजण ताटकळले. दुमिंग म्हणाला, “बाई, पाणी थांबणा नाय आमच्यासाठी.” मागच्या बाजूला, बुडाच्या तिसऱ्या फळीवर मला एक रेघ दिसली, केसाएवढी.

“आसा,” मी म्हटलं. “हयसर.”

आपा आले, ओणवे झाले, चाकूच्या टोकानं डांबर खरवडलं. रेघ टोकावर उचलून वर आली. ब्रशाचा केस होता, डांबरात चिकटलेला. दुमिंग मोठ्यानं हसला, त्याच्यामागून बाकीचेही. माझे कान तापले.

आपा हसले नाहीत. खरवडलेल्या जागेवर त्यांनी पुन्हा डांबर फिरवलं आणि म्हणाले, “अजून बग.”

मी राहिलेली बाजू बघितली. सावकाश, शेवटच्या खिळ्यापर्यंत. मग उठून उभी राहिले. लाट होडीच्या नाळेला लागत होती.

“नाय, आपा,” मी म्हटलं. “दिसणा नाय.”

आपांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग त्या दहाजणांकडे वळले.

“लोटा,” ते म्हणाले.